जळालेल्या वाटेवर लगेच पाऊल नको

फेब्रुवारी सरत आला की सह्याद्रीच्या उतारांवरचे गवत वाळून काडी होते. मग एखाद्या रात्री पायथ्याच्या गावातून डोंगरावर लाल रेघ दिसते. ती सरकत सरकत सोंडेवर चढते आणि सकाळी सगळा उतार काळा पडलेला असतो. त्याच आठवड्यातल्या रविवारी शहरातून ट्रेकर्सची बस येते. नोंदणी महिनाभर आधी झालेली असते, पैसे भरलेले असतात. गावात चहा-पोहे होतात आणि तीस-चाळीस माणसे त्या काळ्या उतारावर चढू लागतात. कोणी थबकलेच तर त्याला एकच उत्तर मिळते: आग तर विझली, आता कसली भीती?

भाजलेला रुग्ण पाहिलेल्या कोणत्याही डॉक्टरला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असते. अंगावरची आग विझते तेव्हा आजार संपत नाही, तेव्हा तो सुरू होतो. त्वचेचे आवरण गेल्यामुळे शरीरातले पाणी झिरपत राहते, जंतूंना वाट मोकळी होते आणि नवी त्वचा येईपर्यंत साधा धक्काही सोसवत नाही. वणवा लागून गेलेल्या डोंगराची अवस्था फार वेगळी नसते. त्याचेही आवरण गेलेले असते. म्हणूनच वणव्यानंतर डोंगरवाट काही काळ बंद ठेवणे हा वन खात्याचा हट्ट नाही. तो उपचाराचा भाग आहे आणि महाराष्ट्रात तो जवळजवळ कुठेच होत नाही.

हे काम गांभीर्याने केले तर कसे दिसते, याचे एक उदाहरण अमेरिकेत आहे. ओरेगन राज्यात पोर्टलंड शहराच्या पूर्वेला, कोलंबिया नदीच्या घळईत ईगल क्रीक नावाची पायवाट आहे. शंभर वर्षांपूर्वी कड्यात कोरून काढलेली, धबधब्यांच्या शेजारून आणि एका ठिकाणी तर धबधब्याच्या मागच्या बोगद्यातून जाणारी ही वाट त्या भागातली सर्वांत लाडकी. २ सप्टेंबर २०१७ रोजी, आग पेटवण्यावर बंदी असताना, एका १५ वर्षांच्या मुलाने गंमत म्हणून पेटता फटाका दरीत फेकला. कोरड्या जंगलाने पेट घेतला आणि परतीची वाट बंद झाल्याने सुमारे दीडशे पदयात्री आत अडकले. त्यांना रात्र जंगलात काढून दुसऱ्या दिवशी लांबच्या वाटेने बाहेर पडावे लागले. सुदैवाने जीव कोणाचा गेला नाही. आग मात्र नदी ओलांडून पलीकडच्या वॉशिंग्टन राज्यात पोहोचली, पोर्टलंडवर राख पडली आणि सुमारे ५० हजार एकर क्षेत्र आगीच्या तावडीत सापडले. ती पूर्ण आटोक्यात आल्याचे जाहीर व्हायला नोव्हेंबरची अखेर उजाडली. त्या मुलाला १,९२० तास सामुदायिक सेवेची शिक्षा झाली आणि साडेतीन कोटी डॉलरहून अधिक भरपाईचा आदेश निघाला.

इथे लक्षात घ्यायची गोष्ट मात्र पुढची आहे. ती वाट लोकांसाठी पुन्हा खुली झाली २०२१ उजाडताना, म्हणजे आगीनंतर तीन वर्षांहून अधिक काळाने. मधल्या काळात उभी वाळलेली झाडे पाडणे, सुटलेले दगड काढणे, वाहून गेलेले टप्पे बांधणे अशी कामे चालू होती. आगीनंतरच्या मे महिन्यातही आत कुठे कुठे धुमसणारी जागा सापडत होती. आणि इतके करूनही २०२१च्या जानेवारीत वादळी पावसात त्या घळईत दरडी कोसळल्या. खालच्या रस्त्यावरून जाणारी एक महिला गाडीसह चिखलाच्या लोंढ्यात वाहून गेली आणि मृत्युमुखी पडली.

आगीनंतर इतक्या वर्षांनी दरड का कोसळावी? याची कारणे जमिनीत आहेत. झाड जळून मेले तरी त्याची मुळे लगेच जात नाहीत. ती आणखी काही वर्षे माती धरून ठेवतात आणि हळूहळू कुजतात. जुनी मुळे सुटली आणि नवी अजून खोल गेलेली नाहीत, असा एक मधला काळ येतो. उतार तेव्हा सर्वांत कमकुवत असतो. दुसरे कारण अधिक तातडीचे आहे. पानापाचोळ्यात मेणासारखे पदार्थ असतात. तीव्र आगीत त्यांची वाफ होते, ती मातीत खाली उतरते आणि थंड झाल्यावर मातीच्या कणांवर बसते. तेलकट तव्यावर पाणी जसे मुरत नाही, नुसते घरंगळते, तसे या मातीचे होते. पाऊस पडतो, पण जिरत नाही. पावसाचा मारा झेलायला पानेही नसतात. मग पाणी, राख, माती आणि दगड एकत्र होऊन खाली धावतात.

कॅलिफोर्नियातल्या माँटेसिटो गावाने हे पाहिले. डिसेंबर २०१७ मध्ये लागलेल्या ‘थॉमस’ नावाच्या आगीने गावामागचे डोंगर जाळले. महिन्याभराने, ९ जानेवारी २०१८ च्या पहाटे, त्या उघड्या उतारांवर जोरदार पाऊस झाला. चिखल आणि मोठमोठे दगड गावात शिरले आणि २३ जणांचा बळी गेला. त्यांपैकी कोणीही आगीत होरपळलेले नव्हते.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. ओरेगनचे सूचिपर्णी जंगल कुठे आणि सह्याद्रीचे गवत कुठे? गवताची आग पळती असते. एका जागी ती फार वेळ थांबत नाही, त्यामुळे मातीत काही बोटांखाली तिची धग फारशी पोहोचत नाही. गवताची मुळे जिवंत राहतात आणि जूनच्या पहिल्या सरींत उतार पुन्हा हिरवा होतो. हे सगळे खरे आहे. म्हणून तीन वर्षांची बंदी इथे कोणी मागणार नाही. पण याच कारणाने धोका नाही असे म्हणणेही चुकीचे ठरेल. सह्याद्रीतला वणवा नुसत्या गवतावर थांबत नाही. तो कारवीत शिरतो, झाडोऱ्यात शिरतो, पडलेल्या ओंडक्यांत दिवसेंदिवस धुमसतो. बेसाल्टच्या कातळावर मातीचा थर मुळात पातळ. त्यावर वर्षाला महाबळेश्वरसारख्या ठिकाणी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. उघड्या पडलेल्या उतारावर वळवाची पहिली जोरदार सर आली की ती मातीच घेऊन जाते. दरवर्षी तोच उतार जळत राहिला तर शेवटी हाती मुरूम उरतो. माळीण किंवा इरशाळवाडीच्या दुर्घटनांचा वणव्याशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पण पावसाळ्यात इथले उतार किती बेभरवशाचे असतात, हे त्या घटनांनंतर तरी वेगळे सांगायला नको.

आता प्रश्न त्या उतारावरून चालणाऱ्या माणसाचा.

पहिला धोका राखेचा. ताजी राख अल्कधर्मी असते, म्हणजे चुन्यासारखी चरचरणारी. घामाने ओल्या झालेल्या त्वचेला, डोळ्यांना आणि घशाला ती झोंबते. त्याहून त्रासदायक असतात तिच्यातले सूक्ष्म कण. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण नाकातल्या केसांना आणि घशातल्या ओलाव्याला चुकवून थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. माणसाचा केस त्यांच्या वीस-पंचवीस पट जाड असतो, यावरून त्यांचा आकार ध्यानात यावा. एकामागोमाग एक चालणाऱ्या रांगेत पुढच्याच्या बुटांनी उडवलेली राख मागच्याच्या श्वासात जाते. रांगेच्या शेवटी बहुधा दमणारा, वयस्क किंवा दम्याचा त्रास असलेला माणूस असतो. म्हणजे ज्याला सर्वांत कमी धूळ मिळायला हवी, त्यालाच ती सर्वांत जास्त मिळते. तोंडाला बांधलेला रुमाल या कणांना अडवत नाही. नीट बसवलेला एन-९५ मास्क अडवतो, पण धुमसणाऱ्या लाकडातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडसारख्या वायूंपुढे तोही निरुपयोगी. दमा, जुनाट श्वासविकार किंवा हृदयविकार असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी अशा वाटेवर जाऊच नये.

दुसरा धोका पायाखालचा. झाडाचा बुंधा जळून गेला तरी मुळे जमिनीखाली धुमसत राहतात आणि आतून पोकळी तयार होते. वरून पाहिले तर राखेचा सपाट थर दिसतो. पाय पडला की तो घोट्यापर्यंत निखाऱ्यात जातो. अशी जखम लहान दिसली तरी खोल असते. हल्ली गडावर जाणाऱ्यांत पन्नाशी-साठीचे लोक पुष्कळ आहेत, ही चांगली गोष्ट. पण त्यांच्यात मधुमेहीही असतात. ज्यांच्या पायाची संवेदना मधुमेहाने कमी झाली आहे, त्यांना चटका बसल्याचे कळतच नाही. संध्याकाळी घरी मोजा काढताना फोड दिसतो आणि ती जखम पुढे महिनोन्‌महिने भरत नाही. कधी बोट, कधी पाऊल गमावण्यापर्यंत गोष्ट जाते. अशा व्यक्तीने जळालेल्या उतारावर जाणे म्हणजे डोळे बांधून चुलीजवळून चालण्यासारखे आहे.

तिसरा धोका वरून येणारा. आतून जळालेले झाड वारा नसतानाही पडते. ज्या दगडाला गवताच्या आणि झुडपांच्या मुळांनी धरून ठेवले होते, तो पुढच्याच्या पायाने सुटतो आणि मागच्यावर येतो. जळालेल्या झाडाखाली विसावा घेऊ नये, तंबू तर मुळीच ठोकू नये.

चौथा धोका उन्हाचा. काळी जमीन ऊन शोषून तापते, सावली तर उरलेलीच नसते. मार्च-एप्रिलमध्ये अशा उतारावर दुपारी सापडलेल्या माणसाला उष्माघात व्हायला फार वेळ लागत नाही. चालताना तोल जाणे, असंबद्ध बोलणे, उत्तरे न देणे ही त्याची लक्षणे. ती ‘दमला असेल’ म्हणून सोडून देऊ नयेत. अशा माणसाला सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंग भिजवावे, वारा घालावा आणि तातडीने खाली उतरवून रुग्णालयात पोहोचवावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नये. गडावरच्या टाक्यातल्या पाण्यावरही भिस्त ठेवू नये. त्यात राख उतरलेली असेल तर उकळल्याने जंतू मरतील, पण राखेतून विरघळलेले क्षार जाणार नाहीत. पाणी घरूनच न्यावे.

भाजलेच तर काय करावे, याबाबत घरोघरी चुकीच्या समजुती आहेत. टूथपेस्ट, हळद, शाई, किसलेला बटाटा, तूप, बर्फ यांपैकी काहीही लावू नये. भाजलेल्या भागावर साधे थंड, वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे आणि भाजल्यापासून तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो. डोंगरावर नळ नसतो, तेव्हा प्रत्येकाच्या बाटलीतले पाणी थोडे थोडे ओतत राहावे. सूज चढण्याआधी अंगठी, घड्याळ, पैंजण काढून घ्यावेत. फोड फोडू नयेत. स्वच्छ कापडाने सैलसर झाकावे. किती भाजले याचा अंदाज घ्यायला रुग्णाचाच तळहात वापरता येतो. बोटांसह एक तळहात म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण एक टक्का. चेहरा, हात, पाऊल किंवा सांधा भाजला असेल, जखम पांढरट आणि बधिर दिसत असेल, तर आकार लहान असला तरी रुग्णालय गाठावे. आवाज घोगरा झाला, थुंकीत काजळी आली, नाकातले केस होरपळले, तर अंगावर ओरखडा नसला तरी थांबू नये. श्वासनलिकेची सूज काही तासांनी वाढते. वर चढताना ठीक वाटलेला माणूस खाली उतरेपर्यंत गुदमरू शकतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यभर आहे. ती पायथ्याशी बोलावून ठेवून मग रुग्णाला उतरवणे शहाणपणाचे.

या सगळ्याच्या आधीचा प्रश्न असतो वणव्याच्या दिवसांत डोंगरावर असण्याचा. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात, कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकिंगला गेलेल्या दोन गटांना वणव्याने गाठले. बहुतेक जण तरुण होते, धडधाकट होते. उंच वाळलेले गवत, तीव्र उतार आणि वारा यांपुढे त्या तंदुरुस्तीचा उपयोग झाला नाही. काही जण जागीच गेले. बाकीच्यांपैकी अनेक जण पुढचे दिवस आणि आठवडे रुग्णालयांत झुंजून गेले. बळींची संख्या वीसच्या पुढे गेली. अर्ध्याहून अधिक अंग भाजलेल्या तरुण रुग्णाला वाचवणे आजही मोठ्या रुग्णालयांना अवघड जाते, हे वास्तव लोकांना माहीत नसते. आग चढावर सपाटीपेक्षा कितीतरी वेगाने जाते, कारण तिच्या ज्वाला वरचे गवत आधीच तापवून ठेवतात. त्यामुळे आगीपुढे चढावर पळणे हा सर्वांत घातक पर्याय असतो. शक्य तेव्हा बाजूला, उताराच्या दिशेने किंवा उघड्या कातळावर जावे. आधीच जळून गेलेली मोकळी जमीन हाही आसरा असतो, कारण तिथे पुन्हा जळायला काही उरलेले नसते. जी काळी जमीन एरवी टाळायची, तीच आग चालू असताना जीव वाचवू शकते. नायलॉन आणि पॉलिस्टरचे कपडे वितळून कातडीला चिकटतात. या दिवसांत सुती कपडे बरे.

कुरंगणीनंतर तमिळनाडूने ट्रेकिंगसाठी स्वतंत्र नियम केले. २०२४ मध्ये तिथल्या सरकारने ठरावीक वाटा, ऑनलाइन नोंदणी आणि प्रशिक्षित स्थानिक वाटाडे अशी योजनाच सुरू केली. वणव्याच्या मोसमात या वाटा बंद ठेवल्या जातात. महाराष्ट्रात किल्ल्यांची संख्या आणि ट्रेकर्सची गर्दी दोन्ही मोठी असूनही वणव्यानंतर वाट कोणी तपासायची, कोणी बंद करायची आणि कोणी उघडायची, याची साधी, सर्वांना कळेल अशी पद्धत नाही. राखीव वनात आग पेटवणे १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ नुसार गुन्हा आहे. पण कायदा आग लावणाऱ्याला धरतो, जळालेल्या वाटेवर जाणाऱ्याला सावध करत नाही.

हे करणे अवघड नाही. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या मदतीने आगीच्या सूचना मोबाइलवर पाठवते आणि नोंदणी करून सामान्य नागरिकालाही त्या मिळू शकतात. म्हणजे कोणता डोंगर कधी जळला, हे त्याच दिवशी कळू शकते. त्यानंतर वनरक्षक आणि गावच्या वन समितीने वाटेची पाहणी करावी आणि पायथ्याला फलक लावावा. नुसते गवत जळाले असेल तर धूर आणि धग पूर्ण थांबेपर्यंत वाट बंद ठेवावी. झाडोरा जळाला असेल, उतार तीव्र असेल, तर एक पावसाळा जाऊ द्यावा. ट्रेक नेणाऱ्या संस्थांनी अशा वाटेचा कार्यक्रम रद्द करावा आणि पैसे परत द्यावेत. बीजगोळे टाकण्याच्या उत्साहात शेकडो पाय त्या मातीवर नेणेही टाळावे. जमिनीवर घरटे करणारे लावा, चंडोल यांसारखे पक्षी आणि गवताचे कोंब यांना त्या काळात माणसांची गैरहजेरीच हवी असते.

यात एक खरी अडचण आहे आणि ती झाकून चालणार नाही. वाट बंद झाली की पायथ्याच्या गावातल्या ज्या घरी रविवारी पिठलं-भाकरी होते, त्या घराचे उत्पन्न बुडते. उन्हाळ्याचे दोन-तीन महिने आधीच कोरडे. बंदीचा भार त्या घरावर टाकून शहराने सुरक्षिततेच्या गप्पा मारणे न्याय्य नाही. मोडकळलेली झाडे काढणे, सुटे दगड हलवणे, वाटेची पाहणी, फलकाजवळ बसणे ही मजुरीची कामे आहेत आणि ती त्याच गावाला मिळायला हवीत. ज्या गावाला डोंगर न जळण्यात उत्पन्न दिसते, ते गाव वणवा विझवायला सर्वांत आधी धावते. नवे गवत चांगले यावे म्हणून जुने जाळण्याची समजूतही तिथेच, त्याच माणसांशी बोलून बदलू शकते.

लाडकी वाट जळाली की तिथे जाऊन पाहावेसे वाटणे स्वाभाविक आहे. ती भेट थोडी पुढे ढकलावी. पावसाळा संपून ऑक्टोबर आला की तोच उतार कमरेइतक्या गवताने भरलेला असतो आणि वाटही बहुतेक ठिकाणी चालण्याजोगी झालेली असते. तेच गवत फेब्रुवारीत पुन्हा वाळणार असते. म्हणून जाणाऱ्यांनी शक्य असेल तर हिवाळ्यातला आणखी एक रविवार राखून ठेवावा. त्या दिवसांत वन खाते आणि गावकरी आग अडवण्यासाठी गवत काढून जाळरेषा तयार करत असतात आणि त्यांना माणसे नेहमीच कमी पडतात.